तांबी कुणाला विचारून बसवलीत?

"वाडी?"

मी खाटेचा लोखंडी दांडा धरून वाकले होते. कळ पाठीतून निघून मांड्यांत उतरत होती. गाव सांगून झालं होतं, नवऱ्याचं नाव सांगून झालं होतं. सिस्टरनं पेन हवेतच धरलं आणि परत विचारलं, "वाडी सांग की. गावात काय एकच वाडी असते?"

आमच्या कोकणात जात कुणी विचारत नाही. फार सभ्य माणसं. फक्त वाडी विचारतात. तेलीवाडी, गुरववाडी, कुणबीवाडी, बामणआळी, मोहल्ला. एवढं कळलं की पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचं ते ठरवता येतं. आजोबांच्या काळात आम्ही धर्म बदलला, वाडीचं नाव बदललं. विचारणारे तेच राहिले.

"खालची वाडी," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. नवऱ्याची वाडी उताराखालीच आहे, वहाळाच्या अंगाला. पण उत्तर मी मुद्दाम तसं दिलं होतं. बारावी झाले होते, एवढी चलाखी अंगात आली होती. सिस्टर माझ्याहून पोचलेली.

"खालची म्हणजे कुणाची?"

माझ्या मागे आई उभी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सावर्ड्याच्या आतल्या आमच्या वाडीतून तीच मला जीपमध्ये घालून ह्या सरकारी दवाखान्यात घेऊन आली होती. भाताची कापणी अर्धी टाकून. तिनं घाईघाईनं सांगून टाकलं, "बौद्धवाडी, बाई. बौद्धवाडी."

आणि हसली. ते हसू मी लहानपणापासून ओळखते. बागायतदाराच्या खळ्यात आंब्याच्या पेट्या भरायला जायची, तो पेटीवर लाथ मारून "हात चालव" म्हणायचा, तेव्हाही ती अशीच हसायची. मला त्या हसण्याची फार चीड होती. त्या दिवशी कळांपेक्षा ते हसू जास्त लागलं.

"असं होय," सिस्टर म्हणाली. पेनाला टोपण लावलं. झाडू मारणाऱ्या मावशीला म्हणाली, "हिला ती कडेची दे."

कडेची म्हणजे मोरीच्या दाराला टेकलेली. दार उघडलं की घाण वास थेट उशाशी. खिडकीखालच्या खाटा मोकळ्या होत्या, गाद्या झटकून ठेवलेल्या. मी तिकडे बघितलं. सिस्टरनं मला तिकडे बघताना बघितलं.

पुढचं सगळं लिहीत नाही. बाळंतपण कुणालाही सुटत नाही. पण जे बोलली ते लिहिते. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "आता बोंबलतेस? तेव्हा नाही बोंबललीस." मांडीवर फाडकन हात मारला. "पाय फाक. तुमच्यात काय, पोरं काढायची सवयच असते." माझं पहिलं बाळंतपण होतं. सवय कुठून असणार? हे मला तेव्हा सुचलं नाही. मी "हो सिस्टर, हो सिस्टर" करत होते. सांगतील त्याला मान हलवत होते. मला एवढंच हवं होतं की मूल जिवंत बाहेर यावं आणि ह्या बाईनं मला परत मारू नये.

मुलगी झाली. रडली. वार पडली. आता संपलं, असं मला वाटलं.

तेव्हा डॉक्टर आत आले. त्यांनी सिस्टरला विचारलं, "हिला पण?"

"हो सर. बौद्धवाडी."

एवढंच. मी ऐकलं, स्वच्छ ऐकलं. मग काहीतरी थंड आत गेलं, आणि पोटाच्या तळातून अशी कळ आली की मी टेबलावरून अर्धी उठले. मावशीनं खांदे दाबून धरले.

"काय करताय?"

"टाके," सिस्टर म्हणाली. "पाय ढिले सोड."

घरी आल्यावर आईनंच मला न्हाऊ घातलं. ऊन पाण्याचे तांबे ओतता ओतता ती मध्येच थांबली. वाकून बघितलं. "टाकं कुटं हायत गो?"

"असतील आत," मी म्हटलं.

"नाय दिसत. विरघळलं असतील." आणि तिनं पुढचा तांबा ओतला. आम्ही दोघींनी तो विषय तिथंच सोडला. दवाखान्यातली माणसं खोटं बोलतील असं आमच्या मनात येत नव्हतं. ती वाईट बोलतात, मारतात, कडेची खाट देतात, हे माहीत होतं. पण टाके म्हटलं म्हणजे टाके.

तरी ते "हिला पण?" माझ्या डोक्यातून गेलं नाही. भात निवडताना, मुलीला पाजताना, मध्येच आठवायचं. काय पण? मला कुणासारखं काय केलं? कुणाला विचारणार? सासूला सांगितलं तर म्हणाली, "बाळंतपणात बाईच्या कानात कायबाय वाजतं."

मुलगी चालायला लागली. मग माझी पाळी सुरू झाली ती अशी की अंथरूण धुवावं लागायचं. ओटीपोटात कोणी पिळून काढतंय असं व्हायचं. वहाळावर कपडे धुताना बायका बघायच्या. कुजबुजायच्या. मुलगी तीन वर्षांची झाली, दुसरं मूल नाही. आणि मग घरात संशय शिरला.

पहिला सासूला आला. तिला वाटलं बाहेरचं काहीतरी आहे. आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, रोज वंदना होते. तरी मला एका दुपारी "मावशीकडं जाऊन येवया" म्हणून हेदवीच्या अलीकडच्या एका गावात नेलं आणि एका भगतापुढे बसवलं. भगत तांदूळ टाकून बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. मला हसूही आलं आणि राग पण आला. त्यानं कौल काढला की दोष मुलीच्याच अंगात आहे. मुलीच्या म्हणजे माझ्या.

मग नवऱ्याला आला. तो मुंबईला छापखान्यात. मे महिन्यात, बुद्धजयंतीला घरी यायचा. त्या वर्षी आला तो पहिल्याच दिवशी माझी ट्रंक उचकताना मला दिसला.

"काय शोधताय?"

"काय नाय."

"काय नाय कसं? माझी ट्रंक आहे."

तो उभा राहिला. मान खाली. "आमच्या प्रेसमधला एकजण सांगत होता. हल्ली बायका गोळ्या घेतात म्हणे. नवऱ्याला न सांगता."

मी तिथंच बसले. हा माणूस वाईट नाही. पगार घरी पाठवतो, दारू पीत नाही, मुलीला खांद्यावर घेऊन सगळ्या वाडीत मिरवतो. आणि तो माझ्या साड्यांच्या घड्या मोडून गोळ्या शोधत होता. मला त्याला मारावंसं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, मला स्वतःचाच संशय यायला लागला. मी असं काय केलंय? कुठं चुकलंय?

"चला," मी म्हटलं. "डॉक्टरकडे चला. तुमच्या समोर तपासू दे."

चिपळूणला एक खाजगी डॉक्टरीण होती. तिनं मला आत घेतलं, नवऱ्याला बाहेर बसवलं. तपासताना ती एकदम थांबली.

"तांबी आहे की तुम्हाला."

"काय आहे?"

"तांबी. कॉपर टी. दोरा दिसतोय. मग दिवस कसे राहणार?"

ती हात धुताना माझ्याकडे बघत होती. आवाज खाली आणून म्हणाली, "घरी सांगायचं नाहीये का? बसवून घेतलीत आणि आता नवरा मागे लागला, असं काही आहे का? मला सांगा, मी त्यांना काही बोलत नाही."

ती पण. चांगली बाई, मऊ बोलणारी, आणि तिलाही वाटत होतं की मीच चोर. माझ्या अंगात एक वस्तू तीन वर्षं बसून होती आणि ती कशी आली हे माहीत नसणारी जगात मी एकटीच होते. मग कानात ते वाजलं. हिला पण? हो सर, बौद्धवाडी. टाके. पाय ढिले सोड. मी टेबलावर पडल्या पडल्या रडले नाही. दात आवळले ते आवळलेच राहिले.

"ह्यांना आत बोलवा," मी म्हटलं. "आणि आत्ता मला सांगितलंत ते त्यांना सांगा."

तिनं सांगितलं. नवरा ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या मर्जीबिगर कोण कशाला घालील?"

डॉक्टरीण म्हणाली, "काढून टाकू? पाच मिनिटांचं काम आहे."

"नको."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. नवऱ्याच्या तोंडावर आलं होतं की बघा, काढायची पण नाही. मला ते दिसत होतं. तरी मी नको म्हटलं. कारण काढली की संपलं. मग दवाखान्यात जाऊन कुणाला दाखवू? "कुठली तांबी? आम्ही नाही बसवली," असं म्हणून मोकळे होतील. माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. जो होता तो माझ्याच पोटात होता.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. आईला सगळं सांगितलं. तिनं आधी कपाळावर हात मारला, मग दार लावून घेतलं.

"तुला न इचारता घातलानी?"

"हो."

"आनि टाकं म्हनून सांगितलानी?"

"हो, आये."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "काढून टाक आनि गप ऱ्हा. आपल्याला परत तितंच जायचाय गो बाय. तुज्या भावाच्या बायकोला आता सातवा लागलाय."

हे तिचं म्हणणं मला समजत होतं. म्हणून तर राग जास्त आला. परत तिथंच जायचंय, म्हणून आम्ही गप्प. आम्ही गप्प, म्हणून ते कुणालाही काहीही घालणार.

मी गेले. आई मागून आली. नको नको म्हणत आली, पण आली.

सिस्टर तीच होती. आता तिच्या हाताखाली पोरी होत्या. डॉक्टर नवीन होते, तरुण. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. बसा म्हणाले नाहीत.

"माझं बाळंतपण इथं झालं. मला न सांगता तांबी बसवली."

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळखलं की नाही, कुणास ठाऊक.

"न सांगता कशी बसवू? मी विचारलं असणार. तू मान हलवली असणार. कळांमध्ये बायका काय बोलतात, त्यांचं त्यांना आठवत नाही."

इथं मी डगमगले. खरं सांगते, डगमगले. कारण मान मी हलवली होती. त्या दिवशी मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. हिनं खरंच विचारलं असेल का? मी ऐकलं नसेल? तीन वर्षं कानात वाजत होतं तो माझ्याच डोक्याचा खेळ असेल?

"आणि बसवली तर काय वाईट झालं?" डॉक्टर म्हणाले. "तुमच्या भल्याचंच आहे. एका मुलीकडे नीट लक्ष देता आलं ना?"

"चल," सिस्टर म्हणाली, एकदम मायेनं. "टेबलावर चढ. आत्ता काढून देते, विषय संपला."

ती माया ऐकली आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. ही बाई माझ्याशी एवढं गोड का बोलतेय? संपवायची एवढी घाई का? मी वळले आणि सरळ बाळंतिणींच्या खोलीत शिरले.

खिडकीखालच्या खाटेवर एक बाई बाळाला घेऊन बसली होती. हातात सोन्याच्या बांगड्या, जवळ थर्मास. मी तिला विचारलं, "ताई, वाडी कोणती तुमची?"

ती चमकली. असा प्रश्न तिला कुणी केला नसेल. "आम्ही आळीतले. का?"

"तुम्हाला तांबीचं विचारलं का इथं?"

"विचारलं ना. काल सिस्टर येऊन बसल्या होत्या. सगळं समजावलं. मी म्हटलं, ह्यांच्याशी बोलून सांगते. बरं म्हणाल्या."

पुढच्या खाटेवर कुणबीवाडीतली. तिला बसवली होती, पण बसवल्यावर का होईना, सांगितलं होतं. आणि मोरीच्या दाराशी, त्याच कडेच्या खाटेवर, एक पोरगी झोपली होती. अठरा-एकोणीसची. तिची सासू खाली फरशीवर.

"वाडी?" मी विचारलं. माझा आवाज मलाच सिस्टरसारखा लागला.

पोरगी सासूकडे बघायला लागली. सासू हसली. तेच हसू. "बौद्धवाडी, बाई."

"तुला बाळंतपणानंतर आत काय घातलं?"

"टाकं घातलानी," पोरगी म्हणाली.

मागे दारात डॉक्टर आणि सिस्टर येऊन उभे होते. डॉक्टर म्हणाले, "बाहेर चला. इथे पेशंट आहेत."

"ही पण पेशंटच आहे," मी म्हटलं. "हिला सांगा, हिच्या आत काय घातलंय. टाके घातलेत म्हणतेय. टाकेच आहेत का ते सांगा."

"तुम्ही दंगा करताय. मी पोलिसांना बोलावीन."

"बोलवा. त्यांच्यासमोर सांगा."

सासू फरशीवरून उठली. माझ्यापुढे हात जोडले. "बाय, कशाला कालवा करतेस? उद्या आमाला घरी सोडायचे हायत." मागून माझी आई माझा पदर ओढत होती. मला आठवतं, मी तो पदर सोडवून घेतला. आईशी असं मी कधी वागले नव्हते.

पोरगीच बोलली. डॉक्टरकडे बघून. "मंग टाकं नाय तर काय घातलानी?"

डॉक्टर, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "पाळणा लांबवायचं साधन आहे. नको असेल तेव्हा काढता येतं."

पोरगी ते शब्द मनात लावत राहिली. मग म्हणाली, "माला इचारलं असतंव तर मी हो पन म्हटलं असतं."

बांगड्यावाली बाई बाळ घेऊन खिडकीकडे वळली. मी सिस्टरसमोर जाऊन उभी राहिले. "आळीतल्या बाईजवळ बसून समजावता येतं तुम्हाला. म्हणजे तोंड आहे. मग आमच्याशी बोलताना काय होतं?"

"मी माझं काम करते," ती म्हणाली. "टेबलावर चल, काढून देते."

"नाही. तुमचा हात मला परत लागणार नाही."

मी बाहेर आले. आई पायरीवर बसून रडत होती. मला वाटलं आता शिव्या घालील. ती म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं तिला. वाडी मीच सांगितली व्हती." मी तिच्या शेजारी बसले. तिचं काय चुकलं होतं? जिथं राहतो ते सांगितलं तिनं.

तांबी मी चिपळूणला काढून घेतली. वर अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही. माफी कुणी मागितली नाही, सिस्टर तिथंच राहिली. हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की मी काहीतरी जिंकून आले.

नवरा मात्र बदलल्यासारखा वागायला लागला. "चुकलं माझं," म्हणाला. मुंबईला परत जायची तारीख पुढे ढकलली. सासूनं माझ्यासाठी माशाचं कालवण केलं. घरात सगळे खूश, कारण आता दोष निघाला होता, अडथळा निघाला होता. सासू म्हणाली, "आता दिवाळीपातूर गोड बातमी दे."

कालवणाचा घास माझ्या तोंडातच राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं. चांगली माणसं. आणि ह्यांनीही विचारलं नव्हतं. दवाखान्यानं न विचारता बंद केलं, आता घर न विचारता उघडत होतं. मला दुसरं मूल हवंय का, हा प्रश्न तीन वर्षांत एकाही तोंडातून आला नव्हता. भगतानं तांदळाला विचारलं, नवऱ्यानं ट्रंकेला विचारलं. मला कुणी विचारलं नाही.

"बातमी मी ठरवीन तेव्हा," मी म्हटलं. "आणि नाही ठरवलं तर नाही."

सासूनं ताट सरकवलं आणि उठून गेली. नवरा म्हणाला, "आता माझ्यावर पण राग काय?"

"राग नाही. विश्वास नाही."

ते त्याला लागलं. लागू दे. दुसरं मूल झालं, पण मी म्हटलं तेव्हा, माझ्या हिशेबानं. आणि त्याच दवाखान्यात झालं. मुद्दाम तिथंच गेले, पण त्या सिस्टरचा हात लागू दिला नाही.

आता आमच्या वाडीतली, शेजारच्या वाडीतली कुणीही बाई निघाली की मी बरोबर जाते. कातकरवाडीतल्या बायकाही बोलावतात. मी दाराबाहेर थांबत नाही, आत उशाशी उभी राहते. हाकलतात. जात नाही. ट्रे झाकलेला असला तर फडकं उचलून बघते. सुई असेल तर कसली ते विचारते, गोळी असेल तर कशाची. वाडीत मला संशयी म्हणतात. माझी आईसुद्धा म्हणते. सगळी माणसं वाईट नसतात, असं मला समजावतात. नसतील. मी तो शोध घेत बसणार नाही.

परवा वाडीतल्या एका पोरीच्या उशाशी उभी होते, तेव्हा एक नवीन सिस्टर होती. कोवळी, हसरी, बोलायला गोड. मी तिच्या ट्रेवरचं फडकं उचललं तेव्हा तिचे डोळे भरून आले. "ताई, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"नाही," मी म्हटलं. "हातात काय आहे ते आधी तिला दाखव. ती हो म्हणेपर्यंत मागे सरक."